शिवडीची बाग आणि राणीची बाग

फाल्गुन लागला कीं मुरबाड तालुक्यांत धसईपासून सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंतचें रान पेटल्यासारखें दिसूं लागतें. पळस, पांगारा आणि कांटेसावर या तीन झाडांची ही करणी. पानें गळून जातात, फांद्या उघड्या पडतात आणि त्या उघड्या फांद्यांवर एकाएकीं रंग चढतो. या उत्सवाला तिकीट नाहीं, परीक्षक नाहींत आणि बक्षिसेंही नाहींत.

श्रोतेहो, मुंबईकरांना ठाऊक असलेला फुलांचा उत्सव याहून निराळा आहे. भायखळ्याच्या राणीच्या बागेंत महानगरपालिकेचें पुष्पप्रदर्शन भरतें तें बहुधा जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या आरंभीं, म्हणजे पंचांगाच्या हिशेबानें भर शिशिरांत. याचें कारण सरळ आहे. डेलिया, पिटुनिया वगैरे परदेशी मोसमी फुलांना गारवा मानवतो. मुंबईचें मार्चमधील ऊन त्यांना सोसत नाहीं. तेव्हां शहराचा वसंत हा कुंडींतला वसंत असून तो रानाच्या वसंताआधींच आटोपतो. त्याबद्दल माझी तक्रार नाहीं. मुलांना खांद्यावर घेऊन रांगेंत उभे राहणारे हजारों लोक पाहिले म्हणजे ती करवतही नाहीं. परंतु ज्या जमिनीवर हा सोहळा होतो ती नगराच्या हातीं कशी आली, हें थोड्यांसच ठाऊक असतें. आणि त्या इतिहासांत मुरबाडचाही वांटा आहे.

१८३० सालीं मुंबईंत पश्चिम हिंदुस्थानची कृषि व उद्यान संस्था स्थापन झाली. तिनें शिवडीस बाग केली. या बागेंत शोभा हा हेतु दुय्यम होता. दूरदूरचीं उपयुक्त झाडें आणून तीं या मातींत रुजतात कीं नाहीं, हें पाहणें हें मुख्य काम. मादागास्कर बेटांतल्या गुलमोहराची आपल्या देशांतील अगदीं पहिली नोंद १८४० च्या सुमाराची आहे आणि ती शिवडीचीच आहे. तें झाड संस्थेच्याच बागेंत लागलें होतें असें मी ठामपणें म्हणणार नाहीं, पण योगायोग बोलका आहे. आज हा परदेशी पाहुणा इतका घरचा झाला आहे कीं साताऱ्यांत गेल्या शतकाच्या अखेरीपासून दर १ मे रोजीं गुलमोहर दिन साजरा होतो, आणि चित्रकार व कवि त्या झाडांखालीं जमतात.

१८५८ सालीं कंपनीचें राज्य जाऊन राणीचें राज्य आलें. त्या निमित्तानें मुंबईकरांनीं राणीच्या नांवें एक पदार्थसंग्रहालय व एक बाग उभारण्याचें ठरविलें आणि त्यासाठीं वर्गणी सुरू केली. या उद्योगांत तीन नांवें पुढें दिसतात: डॉ. जॉर्ज बर्डवुड, डॉ. भाऊ दाजी लाड आणि नामदार जगन्नाथ शंकरशेट. नाना शंकरशेट यांचें मुरकुटे घराणें मूळचें मुरबाडचें. नानांचें नांव आपण शाळांशीं आणि आगगाडीशीं जोडतों, तें योग्यच आहे. परंतु गर्दीनें कोंडत चाललेल्या नगराला मोकळी हवा हवी, हें ओळखणाऱ्या थोड्या पुढाऱ्यांतही त्यांची गणना केली पाहिजे.

माझगांवच्या माउंट इस्टेटींतील सुमारें ३३ एकर जमीन बागेसाठीं मिळाली आणि १९ नोव्हेंबर १८६२ रोजीं गव्हर्नरांच्या पत्नी लेडी फ्रियर यांच्या हस्तें बाग खुली झाली. तीन वर्षांनीं, १८६५ सालीं, म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांनीं शिवडीच्या बागेची जागा ख्रिस्ती दफनभूमीसाठीं घेतली. वाढत्या शहराला दफनभूमीची गरज होती, हें नाकारतां येत नाहीं. पण तीस वर्षें जोपासलेली बाग एका निर्णयानें जाऊं शकते, हेंही त्या दिवशीं सिद्ध झालें. भायखळ्याची बाग आधींच उभी राहिली नसती, तर मुंबईजवळ काय उरलें असतें, याचा विचार करावा. त्याच वर्षीं ३१ जुलैला नाना वारले; १८७२ सालीं खुलें झालेलें संग्रहालय त्यांना पाहतां आलें नाहीं. १८७३ सालीं बाग म्युनिसिपालिटीकडे गेली. त्याच नांवाची उद्यान संस्था पुण्याच्या एम्प्रेस बागेंत अजूनही दर जानेवारींत आपलें पुष्पप्रदर्शन भरवीत असते.

आज या बागेला वीरमाता जिजाबाई भोसले यांचें नांव आहे आणि तिचें क्षेत्र ५० एकरांहून अधिक आहे. लोक मात्र 'राणीची बाग' म्हणतात आणि बहुतेक जण प्राणी पाहण्यास जातात. या शतकाच्या पहिल्या दशकांत प्राणिसंग्रहालयाचा कायापालट करण्याची मोठी योजना निघाली, तेव्हां जुन्या झाडांचें काय होणार, असा प्रश्न कांहीं नागरिकांनीं विचारला. त्यांनीं झाडें मोजलीं, त्यांच्या याद्या केल्या, अर्ज केले, वर्षानुवर्षें पाठपुरावा केला. वारसा समितीनेंही आक्षेप घेतले आणि मूळ योजनेला मुरड घालावी लागली. २०१६ सालीं तेथें पेंग्विन आले. त्यांच्यासाठीं थंडगार घर बांधलें गेलें. पेंग्विनाला घर बांधून देतां येतें, कुंडी गाडींतून आणतां येते. दीडशें वर्षांची गोरखचिंच कोठून आणणार?

म्हणून प्रदर्शनास जाल तेव्हां मांडवांतील फुलें पाहून झाल्यावर थोडें पुढें चालावें. गोरखचिंचेचा अगडबंब बुंधा दिसेल. कैलासपतीचीं फुलें फांदीच्या टोकाला न येतां थेट खोडावर आलेलीं दिसतील. आणि ब्रह्मदेशांतून आलेली उर्वशी: तिच्या शास्त्रीय नांवांत लेडी अॅम्हर्स्टचें नांव गुंफलेलें आहे, आणि तिचीं कोवळीं पानें तपकिरी झालरीसारखीं लोंबतात. पाऱ्याची धांव वर गेली नसेल, तर त्या झालरीशेजारीं तांबडीं-पिवळीं फुलेंही उलटीं लोंबतांना दिसतील.