सुटलेली नळी : भूलशास्त्रातील रुग्णसुरक्षेचा एक टप्पा

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टन येथे ईथरचा जाहीर प्रयोग झाला. त्यानंतर जवळजवळ शतकभर भूल दिलेला रुग्ण बहुधा स्वतःच श्वास घेत असे. उपकरणात दोष उद्भवला तरी त्याचे श्वसन पुष्कळदा चालू राही. १९४२ साली माँट्रियल येथे हॅरोल्ड ग्रिफिथ व एनिड जॉन्सन यांनी क्युरारे हे स्नायू शिथिल करणारे द्रव्य भूल देताना वापरले आणि ही स्थिती पालटू लागली. शस्त्रक्रिया सुकर झाली. परंतु रुग्णाचा श्वास उत्तरोत्तर यंत्राच्या स्वाधीन झाला. नळी निसटल्यास काही मिनिटांतच मेंदूस इजा होण्याचा धोका असे, आणि शिथिल झालेला रुग्ण धडपडून इशाराही देऊ शकत नसे.

त्यात यंत्राची रचना फसवी होती. अनेक श्वसनयंत्रांतील भाता वर टांगलेला असे व रुग्णाच्या उच्छ्वासाच्या वेळी स्वतःच्या भाराने खाली उतरे. नळी सुटली तरी बाहेरची हवा ओढून तो वरखाली होत राही. पाहणाऱ्यास सर्व सुरळीत भासे.

मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील अभियंते जेफ्री कूपर व त्यांचे सहकारी यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वैमानिकांच्या चुकांच्या चिकित्सेतून पुढे आलेली पद्धत अवलंबिली. ४७ मुलाखतींतून टाळता येण्याजोगे ३५९ प्रसंग नोंदले गेले. त्यांपैकी ८२ टक्क्यांत मानवी चूक, तर १४ टक्क्यांत उपकरणाचा उघड बिघाड आढळला. या आकड्यांवरून यंत्रास निर्दोष ठरविणे मात्र घाईचे होईल. वारंवार आढळलेले नळी सुटण्याचे प्रसंग मानवी चुकीच्या सदरात गेले. पण सहज निसटणारा सांधा हा रचनेचाच दोष नव्हे काय?

१९८२ मध्ये अमेरिकन दूरचित्रवाणीवरील एका कार्यक्रमाने भुलेतील मृत्यूंचा प्रश्न घरोघरी नेला. १९८५ मध्ये अ‍ॅनेस्थेशिया पेशंट सेफ्टी फाउंडेशन ही संस्था स्थापन झाली. यामागे केवळ कणव नव्हती. भूलतज्ज्ञांच्या विम्याचे वाढते हप्ते हेही कारण होते. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हार्वर्डच्या निकषांनी भूलतज्ज्ञाची अखंड उपस्थिती आवश्यक मानली, तसेच यांत्रिक श्वसन चालू असताना नळी सुटल्यास आवाज करणारे साधनही. भात्याची मांडणीही पुढे उलटी करण्यात आली : खालून वर उभा राहणारा भाता नळी सुटताच पुन्हा भरत नाही, तो खाली बसतो आणि दोष डोळ्यांना दिसतो.