कोल्ट की सॅव्हेज? : एका शस्त्रनिवडीचा इतिहास (१९०४–१९११)

शस्त्रास्त्रांचा इतिहास बहुधा विजेत्याच्या बाजूने लिहिला जातो. जे शस्त्र सैन्याने स्वीकारले ते गुणवान आणि जे नाकारले ते सदोष, असे गृहीत धरून लेखक स्वीकृत शस्त्राच्या जन्मापासूनच त्याच्या विजयाची चिन्हे शोधू लागतो. अमेरिकन सैन्याने इ. स. १९११ मध्ये कोल्ट व सॅव्हेज या दोन पिस्तुलांतून कोल्टची निवड केली, त्या घटनेचे वर्णनही बव्हंशी याच रीतीने केले जाते. तथापि या निवडीचे टप्पे क्रमाने पाहिले असता तीत दोन भिन्न स्वरूपाचे निर्णय आढळतात. कोणते पिस्तूल अधिक विश्वासार्ह, हा प्रश्न काटेकोर मोजमापाने सोडविला गेला. त्यापूर्वीचा प्रश्न, म्हणजे पिस्तुलाची गोळी किती मोठी हवी आणि ती कोणते कार्य करण्यासाठी हवी हा प्रश्न, मात्र एका वसाहतीच्या युद्धातील अनुभवाने आणि एका संदिग्ध शब्दाने आधीच सोडविलेला होता.

प्रथम संज्ञेविषयी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. ही दोन्ही शस्त्रे त्या काळी ‘ऑटोमॅटिक’ म्हणून ओळखली जात व सरकारी कागदपत्रांतही तोच शब्द रूढ झाला. वस्तुतः ती अर्धस्वयंचलित होत. चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. मात्र रिकामे काडतूस बाहेर टाकणे व नवे काडतूस नळीत सारणे ही कामे त्याच बाराच्या धक्क्याने होतात. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसांचे चाक फिरविण्यास वापरणाऱ्याच्या हाताचेच बळ खर्ची पडते. हा फरक लक्षात घेतला म्हणजे नव्या यंत्राविषयी सैनिकांच्या मनात कोणती शंका होती ते कळते. जे काम हाताने होत होते ते आता यंत्राच्या भरवशावर सोपवावयाचे होते, आणि ऐन वेळी यंत्र अडले तर काय, असा तो प्रश्न होता.

या शोधाची सुरुवात फिलिपीन बेटांत झाली. १८९८ च्या युद्धात स्पेनचा पराभव करून अमेरिकेने ही बेटे ताब्यात घेतली, आणि १८९९ पासून तेथील स्वातंत्र्यवादी सैन्याशी तिचे युद्ध जुंपले. १९०२ मध्ये ते संपल्याची घोषणा झाली, तरी दक्षिणेकडील मुस्लिम मोरो जमातींशी संघर्ष १९१३ पर्यंत चालू राहिला. अमेरिकन अधिकाऱ्यांजवळ त्या वेळी ०.३८ इंच व्यासाचे रिव्हॉल्व्हर असे. एकापेक्षा अधिक गोळ्या लागूनही अंगावर धावून येणाऱ्या योद्ध्याच्या हकिकती सैन्यात पसरल्या, आणि ०.४५ इंचाची जुनी १८७३ ची रिव्हॉल्व्हरे पुन्हा बाहेर काढण्यात आली. या हकिकतींमध्ये तथ्य होतेच. परंतु त्या सांगणारे कोण, हेही विसरता येत नाही. याच युद्धात मार्च १९०६ मध्ये होलो बेटावरील बुद दाहो या ज्वालामुखीच्या मुखात आश्रय घेतलेले शेकडो मोरो स्त्री-पुरुष व मुले मारली गेली. गोळी लागूनही न थांबणाऱ्या माणसाची कथा सरकारी अहवालांतून टिकून राहिली. तो का थांबत नव्हता, याची चौकशी शस्त्रखात्याच्या कक्षेबाहेरची होती.

१९०४ मध्ये शस्त्रखात्यातील जॉन थॉम्पसन आणि वैद्यकीय खात्यातील मेजर लुई लागार्ड यांच्याकडे गोळीच्या परिणामाचा अभ्यास सोपविण्यात आला. शिकागोच्या कत्तलखान्याच्या आवारात जिवंत जनावरांवर, तसेच मानवी प्रेतांवर निरनिराळ्या व्यासांच्या गोळ्या झाडून त्यांनी निरीक्षणे केली. टांगलेले प्रेत गोळीच्या आघाताने किती हलते, हेही त्यांनी नजरेने अजमावले. पिस्तुलाची गोळी ०.४५ इंचाहून लहान नसावी, असा त्यांचा निष्कर्ष होता. मात्र मर्मस्थानी लागल्याखेरीज पिस्तुलाची कोणतीही गोळी माणसास खात्रीने थांबवीत नाही, यास्तव सैनिकांकडून अचूक नेमबाजीचा अखंड सराव करून घ्यावा, असेही त्याच अहवालात सांगितले होते. पुढील कार्यवाहीत पहिला निष्कर्ष नियम बनला आणि दुसरा मागे पडला.

याचे कारण ‘थांबविण्याची शक्ती’ या शब्दप्रयोगात शोधावे लागते. व्यास, वजन व वेग ही मोजता येणारी परिमाणे आहेत. ‘थांबविणे’ हे गोळी, शरीर, जखमेची जागा आणि जखमी माणसाचा निर्धार यांच्या संयोगाचे फल असून ते एकट्या गोळीचा गुणधर्म म्हणून मोजता येत नाही. परंतु त्यास ‘शक्ती’ हे नाव मिळताच तो गोळीच्या अंगचा गुण भासू लागला. हा विचार केवळ अमेरिकेचा नव्हता. कलकत्त्याजवळील डमडम येथील कारखान्यात १८९० नंतरच्या दशकात तयार झालेली, शरीरात पसरणारी गोळी वायव्य सरहद्दीवरील लढायांच्या संदर्भात याच भाषेने समर्थिली गेली होती. १८९९ च्या हेग परिषदेत अशा गोळ्यांवर बंदी घालणाऱ्या जाहीरनाम्यास ब्रिटन व अमेरिका यांनी संमती दिली नाही. तेथे अमेरिकेच्या वतीने बोलणारे कॅप्टन विल्यम क्रोझिअर यांचे म्हणणे असे होते की, माणसास तत्काळ निकामी करण्यास आवश्यक तेवढ्या मर्यादेपलीकडे जाणारी गोळीच निषिद्ध मानावी. हेच क्रोझिअर १९०१ पासून अमेरिकन शस्त्रखात्याचे प्रमुख होते. शिकागोतील परीक्षा त्यांच्याच कारकिर्दीत झाल्या.

अशा रीतीने प्रश्नाची चौकट ठरल्यावर १९०७ च्या प्रारंभी स्प्रिंगफील्ड येथे स्पर्धकांच्या चाचण्या झाल्या. जर्मनीचे लूगर पिस्तूलही तेथे होते, परंतु त्याच्या कारखान्याने पुढील टप्प्यातून अंग काढून घेतले. अखेरीस कोल्ट व सॅव्हेज या दोहोंची प्रत्येकी २०० पिस्तुले सैनिकी वापरासाठी घेण्याचे ठरले. येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. कोल्ट कंपनीचे ०.४५ इंचाचे पिस्तूल १९०५ पासूनच बाजारात होते. इतरांना मात्र सरकारने ठरविलेल्या काडतुसाभोवती नवे यंत्र उभारावे लागले.

दोन्ही यंत्रांची कल्पना भिन्न होती. जॉन ब्राउनिंग (१८५५–१९२६) यांच्या कोल्टमध्ये बार उडताना नळी आणि तिच्यावरील सरकते आवरण एकमेकांत अडकून एकत्र मागे येतात. मग नळीचे मागचे टोक खाली झुकते आणि आवरण एकटे मागे जाते. एल्बर्ट सर्ल यांनी रचलेल्या सॅव्हेजमध्ये नळी स्वतःभोवती किंचित फिरते. आट्यांतून जाणाऱ्या गोळीचा पीळ त्या फिरण्यास विरोध करील व आवरण उघडण्यास विलंब होईल, अशी त्यामागील धारणा होती. सॅव्हेजमध्ये आठ काडतुसे राहत, कोल्टमध्ये सात. तथापि सॅव्हेजचा धक्का हातास अधिक जाचक वाटे. सैनिकांच्या तक्रारींनुसार कोल्टमध्ये फेरफार होत गेले. मुठीच्या मागे दाबाचा सुरक्षा-खटका आला, मुठीचा कल बदलला, नळीस पुढे-मागे असलेल्या दोन जोडकड्यांपैकी एकच उरली, आणि शेवटी अंगठ्याने चालणारा दुसरा सुरक्षा-खटका बसविण्यात आला.

मार्च १९११ मध्ये दोन्ही पिस्तुलांतून प्रत्येकी ६००० गोळ्या झाडण्यात आल्या. दर १०० गोळ्यांनंतर पिस्तूल थंड होऊ द्यावयाचे व दर १००० गोळ्यांनंतर स्वच्छ करून तेल द्यावयाचे, असा क्रम होता. सॅव्हेज ३७ वेळा अडले. कोल्ट एकदाही नाही. ता. २९ मार्च १९११ रोजी कोल्टला मान्यता मिळाली.

या निकालाच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्यास जागा नाही. सैनिकांची मूळ शंका यंत्र अडण्याविषयी होती आणि तिचे उत्तर आकड्यांत मिळाले. परंतु मोजले गेले ते यंत्राचे सातत्य. ‘थांबविण्याची शक्ती’ १९०४ नंतर पुन्हा तपासली गेली नाही, कारण दोन्ही स्पर्धकांचे काडतूस एकच होते. ज्या मोरो युद्धाच्या नावाने हे पिस्तूल ओळखले जाते, ते युद्धही पिस्तूल सैनिकांच्या हाती येईतो संपत आले होते. पराभूत सॅव्हेजची कथाही येथे संपत नाही. लहान काडतुसाची तिची आवृत्ती नागरिकांत खपली, आणि पहिल्या महायुद्धात पोर्तुगाल व फ्रान्स यांनी ती विकत घेतली. प्रश्न बदलताच तेच यंत्र स्वीकारार्ह ठरले.

१९८५ मध्ये अमेरिकेने कोल्टच्या जागी इटालियन बेरेट्टा घेतले, तेव्हाही हाच क्रम दिसतो. दोस्त राष्ट्रांशी काडतूस समान असावे म्हणून ९ मिलिमीटर व्यास आधीच ठरला होता. बेरेट्टा व सिग ही दोन पिस्तुले परीक्षेत उतरली, आणि निर्णय एकूण खर्चावर झाला. ८० वर्षांपूर्वी अपरिहार्य मानलेला ०.४५ चा नियम कोणत्याही प्रयोगाने खोटा ठरला नव्हता. तो ज्या गरजेतून जन्मला होता ती गरज मागे पडली होती. म्हणूनच अशा निवडींच्या अभ्यासकाने अंतिम चाचणीचे तक्ते वाचण्यापूर्वी, त्या चाचणीचा प्रश्न कोणी, कोठे व कोणत्या शब्दांत मांडला, ते वाचणे अगत्याचे आहे.