खांबावरची चित्रे

सरकारी नोकराच्या घराच्या भिंती बहुधा कोऱ्याच असतात. घर आपले नव्हे, मुक्काम किती वर्षांचा ते ठाऊक नाही, आणि भिंतीत खिळे ठोकू नयेत असे एक कलम निवासाच्या नियमांत हमखास असते. आमच्या बैठकीच्या खोलीतही बरीच वर्षे एका दिनदर्शिकेखेरीज काही नव्हते. पुढे टोकियोहून परतलेल्या एका स्नेह्याने आम्हांस एक जपानी चित्र भेट दिले. पुलावर अवचित आलेल्या पावसाचे, १८५७ सालचे हिरोशिगेचे ते प्रसिद्ध चित्र. लाकडी ठसे नव्याने कोरून हाताने छापलेली त्याची ही अलीकडची प्रत. ते कोठे लावावे ह्या घरगुती वादातून आम्ही ह्या चित्रांच्या इतिहासाकडे वळलो, आणि गावापासून दूर नेमणुकीवर राहणाऱ्या माणसांचा त्या इतिहासात केवढा वाटा आहे हे पाहून चकित झालो.

१६३५ साली जपानच्या तोकुगावा शासकांनी सरंजामदारांवर एक बंधन घातले. प्रत्येकाने आळीपाळीने एक वर्ष आपल्या मुलखात आणि एक वर्ष राजधानी एदो येथे, म्हणजे आजच्या टोकियोत, काढावे असा तो नियम होता. सरंजामदाराबरोबर त्याचे सेवक, कारकून, शिपाई येत. त्यांतील बहुतेकांची बायकामुले गावीच राहत, आणि हे लोक धन्याच्या वाड्यालगतच्या चाळीवजा खोल्यांतून दिवस काढीत. अठराव्या शतकात एदोची वस्ती दहा लाखांच्या घरात गेली, तीत ह्या परगावच्या नोकरदारांचा भरणा मोठा होता. परतताना घरी काय न्यावे, हा प्रश्न त्यांनाही पडे. वाट शेकडो मैलांची, वेतन बेताचे. अशा वेळी वजनाला हलके, सामानात सपाट मावणारे, आणि राजधानीचे वैभव घरच्यांना दाखवणारे रंगीत चित्र ही भेट सोयीची ठरली. एकोणिसाव्या शतकात साधारण एकदोन वाडगे शेवयांच्या किमतीत असे एक चित्र मिळे.

ह्या चित्रांना जपानी भाषेत ‘उकियो-ए’ म्हणतात. ‘उकियो’ हा शब्द मूळचा बौद्धांचा, दुःखमय संसार अशा अर्थाचा. एदोच्या रसिक नागरिकांनी त्याच उच्चाराला ‘तरंगते जग’ असा नवा अर्थ दिला, आणि नाटकशाळा, नट, गणिका, ऋतू व प्रवास हे त्या जगाचे विषय झाले. सतराव्या शतकात मोरोनोबूच्या हाती ही कला काळ्या रेषेत नांदत होती. १७६५ च्या सुमारास हारुनोबूच्या चित्रांतून अनेक रंगांची छपाई सिद्ध झाली, आणि अशा चित्रांस किनखापी चित्रे असे नाव पडले.

कृती मोठी लक्षणीय आहे. चित्रकार पातळ कागदावर रेखाटन करी. कोरक्या तो कागद चेरीच्या फळीवर उलटा चिकटवून त्यावरूनच कोरीत जाई. म्हणजे मूळ रेखाटन कोरण्यातच नाहीसे होई. प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा असे, आणि रंग जागच्या जागी बसावेत म्हणून फळीच्या कडेला दोन खुणा कोरलेल्या असत. छापणारा ओलसर कागद ठशावर ठेवून बांबूच्या पात्याने मढवलेल्या चकतीने घाशी. यंत्राचा मुळीच उपयोग नाही. चित्रकार, कोरक्या, छापणारा आणि पैसा गुंतवणारा प्रकाशक अशा चौघांची ही निर्मिती असे. तीत एकमेव अस्सल चित्र असे काही नसतेच. प्रत्येक प्रत तितकीच अस्सल.

ही चित्रे घरात लावीत कोठे? जपानी घराला आपल्यासारख्या भक्कम भिंती थोड्या. सरकते कागदी पडदे आणि लाकडी खांबच अधिक. श्रीमंतांच्या घरी शोभेच्या कोनाड्यात गुंडाळीचे चित्र टांगीत आणि ऋतुमानाप्रमाणे ते बदलीत. सामान्यांसाठी प्रकाशकांनी खांबाच्याच मापाची चित्रे काढली: उंची सुमारे ७० सेंटिमीटर, रुंदी जेमतेम १२ ते १३ सेंटिमीटर. एवढ्या चिंचोळ्या पट्टीत उभी स्त्री किंवा प्रेमी युगुल बसवण्यात कोर्युसाईचा हातखंडा होता. पण खांबावरच्या चित्राला धूर लागे, हात लागत, ऊन लागे. म्हणून ती आज फारच थोडी उरली आहेत.

ह्याच्या उलट एक उदाहरण आहे. अमेरिकेतील स्पॉल्डिंग बंधूंनी १९२१ साली सहा हजारांहून अधिक चित्रांचा आपला संग्रह बॉस्टनच्या कलासंग्रहालयास दिला, तो ती कधीही प्रदर्शनात मांडू नयेत अशा अटीवर. फुलांपासून केलेला जुना निळा रंग उजेडाने विटून आकाश मातकट होते, हे ते जाणून होते. तेथील रंग आज ताजे आहेत. खांबावरची चित्रे विटली, फाटली, नष्ट झाली. पण ज्यांच्यासाठी ती काढली होती त्यांनी ती रोज पाहिली. चित्राचे सार्थक कशात, ह्याचा निवाडा आम्ही मनाशी करून ठेवला आहे.

तो करताना हिरोशिगेच्या चरित्राने आम्हांस धीर दिला. एदोच्या किल्ल्यावरील अग्निशामक पथकात त्याची वडिलोपार्जित, लहानशी नोकरी होती; ती सांभाळूनच तो चित्रकला शिकला. तोकाइदो मार्गावरील त्रेपन्न मुक्कामांची त्याची चित्रमाला, जी १८३३-३४ मध्ये प्रसिद्ध झाली, ती वाटसरूंची, ओझेवाल्यांची आणि पावसात सापडलेल्या माणसांची आहे.

आमचा घरगुती वाद शेवटी मिटला. खिळा ठोकला नाही. मृगाच्या सुमारास ते चित्र बाहेर निघते, आणि खिडकीपासून दूर, कपाटाच्या लाकडी दारावर चार महिने राहते. दिवाळीच्या आधी ते पुन्हा जाड कागदांच्या घडीत जाते. रंग थोडे उतरतील, ते आम्ही मान्य केले आहे. पुढच्या बदलीच्या वेळी सामानाच्या यादीत त्याचे वजन लिहिण्याइतकेही भरणार नाही.