जनरल डेथ्सहेड

* डेथ्सहेड : ‘वोल्फेनस्टाइन’ या व्हिडिओ गेममालिकेतला नाझी शास्त्रज्ञ विल्हेल्म स्ट्रासे. २०१४च्या ‘द न्यू ऑर्डर’मध्ये जर्मनीने महायुद्ध जिंकलेले असते. जयंत नारळीकरांच्या कथेत पानिपतावर विश्वासराव वाचतात, तसाच इतिहासाला फुटलेला हा फाटा, पण भलत्या दिशेचा. दोन साथीदारांपैकी कुणाला चिरायचे हे डेथ्सहेड नायकालाच ठरवायला लावतो. मेलेल्याचा मेंदू बरणीत जपतो आणि शेवटी यंत्रमानवात बसवून नायकावर सोडतो. हे सारे हसतमुखाने, निव्वळ कुतूहलापोटी. अंगावर येते ते हेच. बरीचशी विद्याही उसनी, एका गुप्त ज्यू पंथाकडून लुबाडलेली. त्याच्यासारखाच, पण प्रत्यक्षातला, आउश्वित्झचा डॉक्टर योझेफ मेंगेले खटल्याविनाच १९७९ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यावर बुडून मेला. – संपा.