वैलावरचे मडके

राज्ये कोणी मिळवली आणि कोणी घालवली, याच्या नोंदी बखरींतून आणि दप्तरांतून सापडतात. पण एखाद्या घरात रोज जळण किती लागे आणि तेवढ्यात काय काय शिजे, याची नोंद कोणी ठेवली नाही. आणि तरीही, श्रोतेहो, घोड आणि भीमा या नद्यांच्या काठी माणूस हजारो वर्षे तगून राहिला, त्यात या जळणाच्या हिशेबाचा वाटा मोठा आहे. आज बोलायचे आहे ते या हिशेबाविषयी. म्हणजेच मंद विस्तवावर सावकाश शिजवण्याच्या आपल्या जुन्या रीतीविषयी.

हल्ली शहरातल्या दुकानांत विजेवर चालणारे एक भांडे मिळते. सकाळी त्यात डाळ, पाणी, मीठ घालावे, बटण दाबावे आणि कामाला निघून जावे. संध्याकाळी परत यावे तो ऊन ऊन जेवण तयार! 'स्लो कुकर' असे त्याचे नाव. नाव नवे आहे, पण काम काही नवे नाही. शिरूर-दौंडकडच्या घरांत हेच काम चुलीला चिकटून बसलेला वैल पिढ्यान् पिढ्या करीत आला.

प्रथम थोडे मागे जाऊ. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केले. सांकलिया, अन्सारी, ढवळीकर या विद्वानांची नावे या कामाशी जोडलेली आहेत. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती तिथे उजेडात आली. घरांच्या जमिनी सापडल्या, धान्य साठवण्याचे खड्डे आणि रांजण सापडले, चुली सापडल्या आणि जळून कोळसा झालेले दाणेही सापडले. त्यांत सातू होता, मसूर होता, आणि आपला हुलगा, म्हणजे कुळीथही होता. गंमत पाहा: जे दाणे नीट शिजले ते त्या लोकांनी खाऊन टाकले, जे जळाले तेच तीन हजार वर्षे टिकून आपल्या हाती आले. चुलीवर दुर्लक्ष झाले, म्हणून इतिहासाला पुरावा मिळाला!

हुलग्याचे नाव निघाले आहे, तर त्याच्याकडेच पाहू. हा मुलूख पर्जन्यछायेतला. वर्षाला पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही लहरी. अशा रानात हुलगा, मटकी, तूर, बाजरी हीच पिके साथ देतात. पण कमी पाण्यावर येणारा हुलगा शिजायला मात्र हट्टी. त्याचे टरफल जाड. त्यातून इकडच्या पुष्कळ विहिरींचे पाणी जड. त्यात चुन्याचा अंश फार. असा अंश दाण्याच्या सालीत मुरला की साल लवकर मऊ पडत नाही. 'इथे कुणाची डाळ शिजायची नाही' असे आपण एखाद्या माणसाविषयी म्हणतो, पण जड पाण्याच्या गावात ती अक्षरशः खरी गोष्ट असते. हुलगा रात्रभर भिजवावा लागतो आणि मग दोन-दोन तास शिजवावा लागतो. एवढा वेळ चुलीत लाकूड जाळीत बसायचे, तर लाकूड आणायचे कुठून?

इथे विज्ञानाची एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. शिरूर-दौंडचा भाग समुद्रसपाटीपासून पाचशे-साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. तिथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. एकदा ते उकळले, की खाली कितीही जाळ घाला, उघड्या भांड्यातले पाणी त्याहून अधिक तापत नाही. जास्तीचा सगळा जाळ पाण्याची वाफ करण्यात खर्च होतो. आणि हा खर्च लहान नव्हे. एक लिटर साधे पाणी उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते, तिच्या सुमारे सातपट उष्णता ते सगळे पाणी वाफ करून उडवायला लागते. म्हणजे खळखळा उकळणारे भांडे फार काम करते आहे असे दिसते खरे, पण दाणा त्याने लवकर शिजत नाही. एकदा उकळी आली, की जेवढी उष्णता बाहेर जाते तेवढीच आतून पुरवली म्हणजे झाले. त्यासाठी निखारे पुरतात.

आमच्या आयाबायांनी हे पुस्तकात वाचले नव्हते. त्यांनी ते मातीत घडवले. चूल घालताना तिच्या अंगाला लागून दुसरे एक गोल तोंड ठेवायचे आणि आतून दोहोंना जोडणारे भोक ठेवायचे. हा वैल. वैलाला वेगळे जळण नाही. चुलीत जाळ चालू असतो, त्याची झळ आतून वैलाकडे जाते. पुढच्या तोंडावर तवा, त्यावर भाकऱ्या. वैलावर आमटीचे नाहीतर कण्यांचे मडके. भाकऱ्या उरकल्या की चुलीतले इंगळ मागे सारायचे, त्यावर राख पसरायची आणि वैलावर हुलग्याचे माडगे किंवा दुधाचे भगुणे ठेवून द्यायचे. घरची बाई खुरपायला गेली, तरी वैल आपले काम करीत राही.

जळणाचीही पारख असे. तुरकाट्या भडकन पेटतात आणि लवकर विझतात. त्या भाकरीला बऱ्या. बाभळीचे लाकूड चांगला इंगळ धरते. शेणी संथ जळते आणि तिची धग पुष्कळ वेळ राहते. म्हणून दूध तापवायला शेणी. फुफाट्यात वांगे किंवा रताळे पुरून ठेवावे, ते आपोआप भाजून निघते. रात्री विस्तव राखेखाली झाकून ठेवीत, म्हणजे सकाळी काडेपेटीची काडी वाचे. कुणाचा विझलाच, तर शेणीच्या तुकड्यावर शेजारणीकडून विस्तव आणीत. पण शेणी जाळायची म्हणजे शेताचे खत जाळायचे, हेही प्रत्येक घराला ठाऊक होते. चुलीत गेलेली पाटी रानाला मिळत नाही. तेव्हा मंद आच ही कोणाची हौस नव्हती. एका पाटीत दोन वेळा भागवायच्या होत्या.

दौंड तालुक्यात मुठा उजव्या कालव्याचे पाणी आले, ऊस आला आणि गुऱ्हाळे आली. तिथेही हीच विद्या दिसते. रस आटवताना प्रथम जोराचा जाळ लागतो, पण पाक होत आला की गुळव्या जाळ कमी करायला सांगतो. त्या घटकेला आच चुकली, तर काहिलीतला सगळा गूळ करपतो. जाळ केव्हा आवरायचा हे ज्याला कळते, त्यालाच गुऱ्हाळात मान.

आता रेल्वेकडे वळू. १८५८ साली पुण्याहून दिक्सळपर्यंत लोहमार्ग झाला, तो दौंडवरून गेला. १८७८ साली दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि दौंड हे मोठे जंक्शन बनले. रेल्वेबरोबर दगडी कोळसा आला, रॉकेल आले, नोकरीच्या पाळ्या आल्या. सूर्याबरोबर उठणारे आणि दिवे लागणीला जेवणारे गाव एकीकडे, आणि मध्यरात्री गाडीवर निघणारा माणूस दुसरीकडे. स्वीडनमध्ये १८९२ च्या सुमारास प्रायमस स्टोव्ह निघाला आणि काही वर्षांत त्याचा भर्र आवाज आपल्या घरांतूनही ऐकू येऊ लागला. जलद विस्तवाचे युग सुरू झाले.

पण त्याच काळात एका हिंदी माणसाने संथ विस्तवाचे एक यंत्र बनवले, हे पुष्कळांना माहीत नसते. कलकत्त्याचे डॉक्टर इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० साली इकमिक कुकर तयार केला. बाहेर एक उभा डबा, आत एकावर एक ठेवलेली भांडी, खाली थोडे पाणी आणि तळाशी लोणारी कोळशाची लहानशी शेगडी. एका भांड्यात भात, दुसऱ्यात वरण, तिसऱ्यात भाजी. कोळसा पेटवून डबा बंद केला की माणूस मोकळा. तासा-दोन तासांनी सगळे जेवण वाफेवर शिजून तयार. एकटे राहणारे नोकरदार, विद्यार्थी, प्रवासी यांना या कुकराने मोठा आधार दिला. पुण्या-मुंबईच्या बिऱ्हाडांतही 'इकमिक' हे नाव ओळखीचे झाले. वैलाचेच तत्त्व, पण हातात धरून नेता येण्याजोगे.

पश्चिमेकडेही लोक याच वाटेने चालले होते. १८६७ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात नॉर्वेच्या योहान सोरेन्सन यांनी एक पेटी मांडली होती. अन्नाला उकळी आणायची, झाकण घट्ट बसवायचे आणि भांडे चहूकडून ऊब धरणाऱ्या पेटीत बंद करायचे. पुढे विस्तवच नाही! साठलेल्या उष्णतेवर अन्न शिजते. घरोघरी अशा पेटीत वाळलेले गवत भरीत. दोन्ही महायुद्धांच्या काळात इंग्लंडात इंधनाची ओढ पडली, तेव्हा सरकारनेच लोकांना अशा पेट्या वापरायला सांगितले.

आणि विजेचे ते भांडे? त्याची कथाही अशीच आजीबाईच्या चुलीपाशी जाते. यहुदी धर्मात शनिवारी विस्तव पेटवणे निषिद्ध. आपल्या कोकणातले बेने इस्राएल लोक शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणत, हे आपल्याला ठाऊक आहे. पूर्व युरोपातले यहुदी शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी कडधान्याचे मडके भटारखान्याच्या भट्टीत ठेवीत. शुक्रवारी रात्रभर भट्टी निवत जाई आणि शनिवारी गरम जेवण मिळे. अमेरिकेतल्या आयर्व्हिंग नॅक्सन यांनी आईकडून लिथुआनियातली ही रीत ऐकली होती. त्यांनी विजेचे भांडे बनवले आणि १९४० साली त्याचे पेटंट मिळवले. १९७१ साली ते नव्या नावाने बाजारात आले आणि घरोघर गेले. कामावर जाणाऱ्या स्त्रियांनी ते विशेष उचलून धरले. खुरपायला जाणाऱ्या बाईची गरज आणि कचेरीत जाणाऱ्या बाईची गरज एकच होती, हे यावरून दिसते.

आपल्याकडे मात्र ओढा दुसरीकडे गेला. १९५९ च्या सुमारास भारतात प्रेशर कुकर तयार होऊ लागले. वाफ कोंडली की दाब वाढतो, पाणी १२० अंशांच्या जवळ तापते आणि हट्टी दाणाही थोड्या वेळात नमतो. जळणाची बचत यातही आहेच. पुढे गॅस आला. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली आणि खेड्यांतल्या गरीब घरांतही शेगडी पोहोचली.

हे चांगलेच झाले. चुलीच्या आठवणीने गहिवरून येणाऱ्यांनी एकदा धुराने भरलेल्या स्वयंपाकघरात तासभर बसून पाहावे. त्या धुराने किती बायकांचे डोळे आणि छात्या खराब झाल्या, याची मोजदाद नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत धूर कमी करणारी मगन चूल तयार झाली, हैदराबादेत डॉक्टर राजू यांनी १९५३ साली बिनधुराच्या स्वयंपाकघराचा पुरस्कार केला, ते याच कळकळीने. धूर जावा, राबणूक जावी. प्रश्न एवढाच आहे की धुराबरोबर आपण शहाणपणही बाहेर घालवतो आहोत काय? पुष्कळ घरांत सिलिंडर संपला की तो भरून आणायला पैसे नसतात, आणि पुन्हा चूल पेटते. वैल मात्र बुजलेला असतो!

हे शहाणपण आणि नवे शास्त्र एकत्र आणता येते. पुण्याची 'आरती' ही ग्रामीण तंत्रज्ञानाची संस्था डॉक्टर आनंद कर्वे यांनी १९९६ साली उभी केली. उसाच्या फडात जे पाचट पेटवून देतात, त्यापासून कोळशाच्या कांड्या करण्याची रीत तिने बसवली. २००२ साली या कामाला इंग्लंडातला ॲशडेन पुरस्कार मिळाला. याच संस्थेच्या 'सराई' कुकरात सुमारे शंभर ग्रॅम कोळशावर पाच माणसांचे वरण, भात, भाजी शिजते. हा इकमिकचाच नातू म्हणायचा. दौंडसारख्या उसाच्या तालुक्यात ही गोष्ट कोणी नीट मनावर घेण्याजोगी आहे.

शिक्षक बंधुभगिनींना एक प्रयोग सुचवतो. दोन सारखी, झाकणाची भांडी घ्यावीत. दोहोंत पाव पाव किलो तांदूळ आणि मोजून सारखेच पाणी घालावे. एक भांडे भात होईपर्यंत विस्तवावर ठेवावे. दुसऱ्याला चांगली पाच मिनिटे उकळी आणून, झाकण न उघडता, पोती आणि जुनी गोधडी भरलेल्या पाटीत गुंडाळून तासभर ठेवावे. दोहोंना जळण किती लागले ते तोलावे. एक पथ्य सांभाळावे: अन्न ऊन असतानाच खावे, कोमट झाले तर पुन्हा उकळावे, आणि राजम्यासारखे कडधान्य भरपूर उकळल्याशिवाय असे शिजवू नये. मुलांना उष्णतेचा धडा वेगळा शिकवावा लागणार नाही.

आणि याबरोबर आणखी एक काम त्यांना द्यावे. वैल, भाणवस, फुफाटा, इंगळ हे शब्द घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारून वहीत लिहून आणायला सांगावे. कोणत्या धान्याला कोणते जळण, किती वेळ, कोणते पाणी, हेही विचारावे. इनामगावच्या चुलीपाशी बसलेली बाई काय म्हणत होती, ते आपल्याला कधीच कळणार नाही. तिचे जळालेले चार दाणे तेवढे मिळाले. आज जी आजी ओट्यापाशी बसली आहे, तिला विचारता येते. तिने वाचवलेल्या जळणाची आणि वेळेची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. ती मुलांच्या वहीत तरी व्हावी.