घरगुती शब्दकोडे

घरगुती शब्दकोडे : रचणाऱ्याने आपल्या आवडीच्या विषयातले शब्द आडवे-उभे गुंफून ओळखीच्या माणसांसाठी तयार केलेले शब्दकोडे. विषय काहीही असू शकतो : गडकिल्ले, नाट्यसंगीत, पक्षी, क्रिकेट, आजीच्या हातचे पदार्थ. वर्तमानपत्रातले कोडे अनोळखी वाचकासाठी असते. घरगुती कोडे वाढदिवस, केळवण, निवृत्तीचा निरोप अशा प्रसंगी ठरावीक माणसाच्या हाती पडते, आणि त्याला काय ठाऊक आहे हे रचणाऱ्याला माहीत असते. या प्रकाराची गोडी आणि अवघडपणा दोन्ही याच ओळखीतून येतात.

पूर्वपीठिका : आजच्या शब्दकोड्याची सुरुवात आर्थर विन या लिव्हरपूलमध्ये जन्मलेल्या पत्रकाराने केली. २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’च्या रविवार पुरवणीत त्याचे हिऱ्याच्या आकाराचे ‘वर्ड-क्रॉस’ छापले गेले. १९२४ मध्ये सायमन अँड शुस्टरने शब्दकोड्यांचे पहिले पुस्तक काढले. त्याच्या संपादकांपैकी मार्गारेट पेथरब्रिज (पुढे फरार) १९४२ पासून ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या कोड्यांच्या पहिल्या संपादक झाल्या.

भारतात विसाव्या शतकाच्या मध्याला बक्षिसांच्या शब्दकोड्यांचा सुळसुळाट झाला. त्यांत एका जागी दोन-तीन शब्द सारखेच चपखल बसत आणि ‘बरोबर’ उत्तर कोणते हे चालक ठरवत. १९५५ च्या बक्षीस स्पर्धा कायद्याने महिन्याला १,००० रुपयांहून अधिक बक्षिसांच्या अशा स्पर्धांना बंदी घातली. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चमारबागवाला खटल्यांत अशा स्पर्धा जुगाराच्या स्वरूपाच्या ठरवल्या. चांगल्या कोड्याची पहिली अट या इतिहासातून नेमकी समजते : शोधसूत्र आणि छेदणारी अक्षरे मिळून उत्तर एकच निघाले पाहिजे.

चौकोन आणि अक्षर : इंग्रजी कोड्यात एका चौकोनात एक वर्ण बसतो. मराठीत काना-मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरासकट पूर्ण अक्षर बसते. ‘महाराष्ट्र’ला चार चौकोन लागतात : म, हा, रा, ष्ट्र. अशी मांडणी आपल्याकडे जुनी आहे. भारवीच्या ‘किरातार्जुनीय’च्या पंधराव्या आणि माघाच्या ‘शिशुपालवध’च्या एकोणिसाव्या सर्गातल्या सर्वतोभद्र चित्रबंधांत एका चौकोनात एक अक्षर असून श्लोक आडवा, उभा, सुलट, उलट सारखाच वाचता येतो.

या भेदाचे परिणाम रचनेत पदोपदी जाणवतात. ‘राजगड’मधल्या ‘ज’वरून ‘जलदुर्ग’ खाली उतरतो, ‘जंजिरा’ उतरत नाही. कारण ‘ज’ आणि ‘जं’ ही दोन वेगळी अक्षरे आहेत. शुद्धलेखनाच्या नियमांनुसार शब्दाच्या शेवटचा इकार-उकार सहसा दीर्घ असतो. त्यामुळे ‘गडकरी’च्या ‘री’पासून ‘रीत’ किंवा ‘रीळ’ सुरू होईल, ‘रिकामा’ होणार नाही. ‘ष्ट्र’सारखे अक्षर कुठे छेदू न देता मोकळे ठेवणे बरे. उलट मराठीची रूपे मदतीलाही येतात : ‘टाके’ अडले तर अनेकवचनी ‘टाकी’ घेता येते, ‘फूल’ बसले नाही तर ‘फुले’ बसतात. मात्र शोधसूत्राचे वचन उत्तराशी जुळले पाहिजे. तीनपेक्षा कमी वर्णांचे शब्द अमेरिकी कोड्यांत चालत नाहीत. मराठीत ‘तट’, ‘माची’, ‘टाके’ हे दोन अक्षरांचे शब्द भरघोस अर्थाचे असल्याने ते टाळण्याचे कारण नाही.

रचना : साहित्य साधे आहे. गणिताची चौकटीची वही, पेन्सिल, खोडरबर एवढे पुरते. आधी विषयातल्या तीस-चाळीस शब्दांची यादी करावी आणि प्रत्येकापुढे अक्षरसंख्या लिहावी. पहिल्या प्रयत्नाला ७×७ किंवा ९×९ चौकोन पुरेसे आहेत. सर्वांत लांब दोन-तीन शब्द आधी बसवावेत, मग त्यांच्यावरून उभे शब्द सोडावेत आणि शेवटी उरलेल्या जागा भराव्यात. पान उलटे धरले तरी काळ्या चौकोनांची नक्षी तीच दिसावी, असा छापील कोड्यांचा संकेत आहे. घरगुती कोड्यात तो मोडला तरी चालतो, पण कोड्याचा एखादा कोपरा बाकीच्यांपासून तुटू देऊ नये.

किल्ल्यांची आवड असलेल्या माणसासाठी केलेले एक छोटे कोडे, उत्तरांसह :

रा ज ग ड
य ■ ड ■
ग ण क ■
ड ■ री ■

आडवे शब्द : (१) पद्मावती, सुवेळा, संजीवनी या माच्यांचा किल्ला, (३) हिशेब करणारा, आधी ‘सं’ लावला की यंत्र होतो.
उभे शब्द : (१) १६७४ चा राज्याभिषेक इथे झाला, (२) गडाचा राखणदार, ‘एकच प्याला’चा नाटककारही.

‘राजगड’ आणि ‘रायगड’ एकाच ‘रा’तून निघतात. दोन्ही नावे ‘ग’ आणि ‘ड’वर संपत असल्याने सोडवणारा एकाच्या जागी दुसरे लिहिण्याचा धोका आहे. म्हणूनच पहिल्याचे शोधसूत्र माच्यांवर आणि दुसऱ्याचे राज्याभिषेकावर बेतले आहे. राजगडासाठी ‘रायगडाआधीची राजधानी’ हे सूत्र खरे असले तरी वापरता येत नाही. कारण ‘रायगड’ हे त्याच कोड्यातले उत्तर आहे. ‘गणक’ हा शब्द किल्ल्यांचा नाही, आणि म्हणूनच तो मोलाचा आहे. ज्याला किल्ल्यांतले फारसे कळत नाही तो इथून आत शिरतो, आणि त्याच्या हाती ‘ग’ व ‘क’ लागले की उभे शब्दही खुलू लागतात.

शोधसूत्रे : त्यांचे ढोबळ प्रकार चार : सरळ व्याख्या, गाळलेली जागा, दुहेरी अर्थ (वरचे ‘गडकरी’) आणि शब्दाची फोड (वरचे ‘गणक’). कोकण-गोव्यात हुमाण घालण्याची जी रीत आहे, तिचेच हे चौकोनांतले रूप म्हणता येईल : वस्तूचे नाव न घेता तिची नेमकी खूण सांगायची. घरातली आठवण सूत्रात जरूर आणावी, मात्र उत्तर निव्वळ त्या आठवणीवर अवलंबून ठेवू नये. ‘त्या सहलीत आपण कुठे थांबलो होतो?’ हे सूत्र दोघांपुरते राहते. त्याला ‘पाली दरवाजाने चढतात तो किल्ला’ अशी जोड दिली की तेच इतरांसाठीही खुले होते. दोन अपरिचित विशेषनामे एकाच चौकोनात छेदू देऊ नयेत. तिथे अडलेल्याला दुसरी वाट उरत नाही.

संगणकाचा वापर : इंग्रजीसाठी कोडी रचणारे अनेक प्रोग्राम आहेत. देवनागरीत ते वापरताना जपावे लागते. युनिकोडमध्ये ‘हा’ ही ‘ह’ आणि काना अशी दोन चिन्हे असतात, ‘क्षि’ ही तर चार. अक्षर अखंड न मानणारा प्रोग्राम काना वेगळ्या चौकोनात टाकतो. त्यामुळे मराठी कोडे हाताने रचून संगणक फक्त चौकट आखण्यासाठी वापरणे सोयीचे पडते.

पडताळणी : कोडे देण्यापूर्वी विषयात फारसा रस नसलेल्या एका माणसाकडून ते सोडवून घ्यावे आणि आपण जवळ बसून गप्प पाहावे. जिथे खोडरबर पुन्हा पुन्हा फिरते तिथले सूत्र संदिग्ध असते. जिथे पेन्सिल थांबूनच राहते तिथे एखादे छेदणारे अक्षर कमी पडलेले असते. ही दोन्ही ठिकाणे दुरुस्त केली की ज्याला किल्ल्यांची आवड नव्हती, तोही कोडे संपवून खाली ठेवताना चार किल्ल्यांच्या खुणा सोबत घेऊन उठतो. आपली आवड दुसऱ्याच्या हाती सोपवण्याची इतकी मायेची आणि बिनखर्चाची रीत क्वचितच सापडेल.