खुला बाजार, बंद बाजार : स्मार्टफोनवरील ॲप बाजारपेठांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) जिल्ह्यातील वेरूळचा इतिहास अभ्यासताना अभ्यासकांचे लक्ष स्वाभाविकपणे लेण्यांकडे व घृष्णेश्वर मंदिराकडे जाते. या परिसरातील बाजारव्यवस्थेचा इतिहास मात्र तुलनेने उपेक्षित राहिला आहे. वेरूळ ज्या खुलताबाद तालुक्यात येते तो प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. वजनमापातील लबाडी व मनमानी कपात यांपासून शेतकऱ्याचे रक्षण व्हावे म्हणून संस्थानात १३३९ फसली (इ.स. १९३०) साली कृषी बाजार कायदा करण्यात आला. पुढे महाराष्ट्राच्या १९६३ च्या कृषी उत्पन्न पणन कायद्याने बाजार समिती व परवानाधारक अडते यांची व्यवस्था दृढ केली. रक्षणासाठी घातलेले कुंपणच मक्तेदारीचे साधन झाले, ही तक्रार पुढे एवढी वाढली की जुलै २०१६ मध्ये राज्य शासनाने फळे व भाजीपाला यांची आवाराबाहेरील विक्री नियमनमुक्त केली. स्मार्टफोनवरील ॲपच्या बाजारातही आज हाच वाद वेगळ्या रूपात उभा आहे. त्याचा मराठी भाषक ग्राहकाच्या दृष्टीने विचार करण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे.

दोन पद्धती :
ॲपलने जुलै २००८ मध्ये सुमारे ५०० ॲपसह आपले ॲप स्टोअर सुरू केले. प्रत्येक ॲपची पूर्वतपासणी आणि आयफोनवर विक्रीचे एकच अधिकृत दार, ही त्याची वैशिष्ट्ये होत. युरोपीय संघात मार्च २०२४ पासून कायद्यामुळे या नियमाला अपवाद करावा लागला. गुगलचे अँड्रॉइड मार्केटही २००८ च्या ऑक्टोबरमध्ये आले व २०१२ मध्ये त्याचे 'गुगल प्ले' असे नामांतर झाले. अँड्रॉइडवर अन्य दुकानांतून ॲप घेण्यास मज्जाव नाही, म्हणून या पद्धतीस 'खुली' म्हणण्याचा प्रघात पडला. हा शब्द जपून वापरावयास हवा. भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावताना दाखवून दिले, की उत्पादकांशी केलेल्या करारांमुळे गुगलचे दुकान व अन्य ॲप हँडसेटवर आधीच बसवून येतात. मग बहुसंख्य ग्राहक दुसऱ्या दुकानाकडे वळतच नाहीत. दार उघडे आहे. पण तिकडे जाणारी वाट कोणी दाखवत नाही.

मुंबईतील प्रयोग :
या संदर्भात आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थी राकेश देशमुख व त्यांच्या सहकाऱ्यांचा प्रयोग विशेष महत्त्वाचा वाटतो. त्यांची 'फर्स्टटच', म्हणजेच पुढे 'इंडस ओएस' या नावाने ओळखली गेलेली प्रणाली २०१५ मध्ये मायक्रोमॅक्सच्या 'युनाइट ३' या हँडसेटवर आली. मराठीसह भारतीय भाषांतील कळफलक हे तिचे एक अंग. मात्र प्रस्तुत विषयासाठी तिचा 'ॲप बाजार' अधिक बोलका आहे. तेथून ॲप उतरवून घेण्यासाठी ई-मेल खाते लागत नसे आणि पैसे मोबाईलच्या शिलकीतून देता येत. गुगलच्या दुकानात मात्र पहिल्या पायरीवरच खाते मागितले जाई. प्रथमच स्मार्टफोन हाती घेणाऱ्या, ई-मेलशी परिचय नसलेल्या ग्राहकासाठी ती पायरी म्हणजेच बंद दार होते. खुलेपणाची चर्चा सहसा १५ ते ३० टक्के दलालीभोवती फिरते. ती विकसकाची बाजू झाली. ग्राहकाच्या बाजूने भाषा व खाते हे प्रश्न अगोदर येतात, याकडे अभ्यासकांचे दुर्लक्ष झाले आहे, असे वाटते.

पुढे बंगळुरूच्या फोनपेने हा उद्योग विकत घेतला आणि २१ फेब्रुवारी २०२४ रोजी 'इंडस ॲपस्टोअर' बारा भारतीय भाषांत सुरू केले. त्यानंतर अवघ्या काही दिवसांत, १ मार्च रोजी, शुल्काच्या वादातून गुगलने मुंबईच्या शादी डॉट कॉमसह अनेक भारतीय कंपन्यांची ॲप आपल्या दुकानातून काढली. केंद्र शासनाने हस्तक्षेप केल्यावर ती परत आली. एकाच दुकानावर विसंबण्याचा धोका यातून स्पष्ट झाला. तरीही नवे दुकान गुगलच्या दुकानातून मिळत नाही. तशी मुभा देण्याचा स्पर्धा आयोगाचा आदेश राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने २९ मार्च २०२३ रोजी रद्द केला होता, दंड मात्र कायम ठेवला.

खुलेपणाची दुसरी बाजू :
रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाचा नोव्हेंबर २०२१ चा अहवाल येथे विचारात घेणे आवश्यक आहे. जानेवारी-फेब्रुवारी २०२१ या दोन महिन्यांत ८० हून अधिक ॲप दुकानांत कर्ज देणारी सुमारे १,१०० ॲप आढळली. त्यांपैकी सुमारे ६०० बेकायदा होती. अनिर्बंध खुलेपणाचा हा थेट पुरावा होय. परंतु अशी ॲप गुगलच्या दुकानातही शिरली होती व नंतर काढावी लागली, हे विसरून चालणार नाही. सबब तपासणी दुकानदारानेच करावी आणि त्याबदल्यात त्याला एकाधिकार द्यावा, हा युक्तिवाद पटत नाही. बाजार समितीतही काटा तपासण्याचे काम अडत्याकडे सोपवलेले नव्हते.

रिझर्व्ह बँकेने १ जुलै २०२५ पासून नियमनाखालील संस्थांच्या कर्ज ॲपची सूची आपल्या संकेतस्थळावर खुली केली. ॲप कोणत्याही दुकानातून घेतलेले असो, ग्राहकाला त्याचे नाव त्या सूचीत पडताळता येते. अर्थात, ही सूची संस्थांनी स्वतः कळवलेल्या माहितीवर आधारलेली आहे.